राधानगरी: राखलेले पाणलोट आणि राहून गेलेला निचरा

राजर्षी शाहू महाराजांना ‘पर्यावरणवादी राजा’ म्हणण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. जयंतीच्या भाषणात ते खपून जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाचे प्रकरण जवळून पाहिले की मात्र हे विशेषण घाईचे वाटू लागते. महाराजांनी दाजीपूरचे रान राखले ते शिकारीसाठी, भोगावतीवर धरण बांधायला घेतले ते दुष्काळाच्या धास्तीने, आणि कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली ती व्यापारासाठी. तिन्ही निर्णय वेगवेगळ्या वेळचे, वेगवेगळ्या हेतूंचे. पण ते एकमेकांत असे गुंतले की धरणाच्या वर पश्चिम घाटातले एक चांगले टिकलेले जंगल उरले आणि खाली, नदीच्या शेवटच्या टप्प्यात, क्षारपड, म्हणजे मीठ साठून बिघडलेल्या, जमिनींचा प्रश्न उभा राहिला. वरच्या भागाचे श्रेय राजाला द्यायचे असेल तर खालच्या भागाचा हिशेबही त्याच वहीत मांडायला हवा.

जागा आणि पाऊस

कोल्हापूर जिल्ह्याची खरी ओळख पावसाच्या उतारात आहे. पश्चिमेला दाजीपूरच्या बाजूला वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेला शिरोळमध्ये जेमतेम पाचशे-सहाशे. मधले अंतर शंभर किलोमीटरच्या आतले. पश्चिमेचे पाणी चार महिन्यांत वाहून जाते आणि पूर्वेची काळी, खोल जमीन त्याची वाट बघत बसते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे भोगावतीच्या उगमाकडे अडवलेले पाणी कालवा न खणताही, नदीच्या पात्रातून थेट शिरोळपर्यंत नेता येते. राधानगरीची सगळी रचना या एका सोयीवर उभी आहे.

महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. स्वस्त धान्य, चारा, दुष्काळी कामे हे सगळे झाले, पण त्यातून तिसऱ्या दुष्काळाची सोय होत नव्हती. १९०२ मध्ये संस्थानाने पाटबंधाऱ्यांचे धोरण ठरवले आणि जुन्या विहिरी-तळ्यांकडे पद्धतशीर लक्ष जाऊ लागले. १९०८ मध्ये कन्या राधाबाई यांच्या नावाने राधानगरी हे गाव वसले, आणि पुढच्याच वर्षी जवळच्या फेजिवडे गावाशी धरणाचे काम सुरू झाले. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. लक्ष्मी तलाव म्हणतात तो हाच.

चाळीस फुटांवर थांबलेली भिंत

१९१८ च्या सुमारास भिंत चाळीस फुटांपर्यंत आली आणि पैशाअभावी काम थांबले. १९२२ मध्ये महाराज गेले. पुढे त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात काम पुन्हा हाती घेतले गेले आणि धरण पुरे होईपर्यंत १९५० चे दशक उजाडले. तोवर संस्थानही विलीन झाले होते.

‘चाळीस फूट तरी बांधून ठेवले’ असे कौतुकाने म्हटले जाते. पाण्याच्या भाषेत ते फार तोकडे आहे. धरणाची पूर्ण उंची सुमारे ४२ मीटर, म्हणजे १४० फूट. व्ही आकाराच्या दरीत साठा उंचीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. चाळीस भागिले एकशे चाळीस म्हणजे ०.२८६, त्याचा घन ०.०२३. ढोबळ भूमितीने चाळीस फूट भिंतीमागे पूर्ण साठ्याच्या दोन-अडीच टक्केच पाणी मावते. पूर्ण साठा ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले हे ०.२ टीएमसीसुद्धा नव्हे. खर्चाचे गणित याच्या उलट चालते. पाया, नदी वळवणे, खाणी, रस्ते, मजुरांची वसाहत हा सगळा खर्च सुरुवातीलाच होऊन जातो. त्यामुळे अर्धवट धरण म्हणजे खर्च मोठा आणि फळ जवळजवळ काहीच नाही.

राजाच्या पुढाकाराची मर्यादा इथे दिसते. निर्णय एका दिवसात होतो, जागा मिळते, काम सुरू होते. पण तिजोरी एकाच संस्थानाची, आणि तिच्यावर युद्ध, साथी, शिक्षण, सगळ्यांचा भार. दोन पिढ्यांना पुरेल असे काम एका कारकिर्दीच्या पैशात बसले नाही.

राखीव रान

धरणाच्या वरचे दाजीपूरचे जंगल संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. राखीव याचा अर्थ बाकीच्यांना मज्जाव. तोड, चराई, वणवे यांवर आपोआप बंधन आले. प्राण्यांवर प्रेम म्हणून नव्हे, तर शिकार हवी तर आधी रान हवे म्हणून. १९५८ मध्ये हाच भाग दाजीपूर गवा अभयारण्य झाला, १९८५ मध्ये क्षेत्र वाढवून राधानगरी अभयारण्य झाले. आज ते ३५१.१६ चौरस किलोमीटर आहे, आणि लक्ष्मी तलावाबरोबर शेजारचा दूधगंगेवरचा काळम्मावाडीचा जलाशयही त्याच्या पोटात येतो. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले तेव्हा सह्याद्रीतल्या कास, कोयना, चांदोली यांच्या रांगेत राधानगरीही बसले.

पाण्याच्या दृष्टीने या रानाचे काम दोन पदरी आहे. पहिले गाळाचे. चार महिन्यांत चार हजार मिलिमीटर पाऊस उघड्या उतारावर पडला तर माती धरणात येते. पालापाचोळ्याचा थर थेंबाचा मार सोसतो, पाणी जमिनीवरून धावण्याऐवजी आत मुरते. दुसरे काम वेळेचे. मुरलेले पाणी ओढ्यांतून पाऊस संपल्यावरही झिरपत राहते, म्हणजे धरणात पाणी येत राहण्याचा काळ लांबतो.

यात सड्यांचा वाटा सहसा विसरला जातो. सावराईच्या सड्यासारखी जांभ्याची पठारे वरून खडकाळ, ओसाड दिसतात. पावसाळ्यात त्यांवर आठ-पंधरा दिवसांची रानफुले आणि एरवी वाळके गवत. पण जांभा सच्छिद्र असतो आणि त्याच्या खाली चिकणमातीचा थर येतो. पाणी जांभ्यातून उतरते, मातीवर अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. जंगल राखून सडा खणला तर ही साखळी वरच्या टोकालाच तुटते. बॉक्साइट याच जांभ्यात सापडते. अभयारण्याबाहेर, राधानगरी तालुक्यातच दुर्गमानवाडच्या पठारावर त्याचे खाणकाम झाले आहे. शिकारीच्या रानाची हद्द ज्याने आखली त्याला झाडी आणि जनावरे दिसत होती. सड्याचे भूजल त्याच्या हिशेबात असण्याचे कारण नव्हते. पुढच्या काळातल्या हद्दी आखणाऱ्यांना ही सबब नाही.

राखीव रानाची किंमत कोणी मोजली हेही सांगायला हवे. या डोंगरात धनगरवाडे आहेत. ठक्याचा वाडा हे त्यातले ओळखीचे नाव. आधी संस्थानाची बंदी, मग धरणाचे पाणी, मग अभयारण्याचे नियम असे एकावर एक थर त्यांच्यावर आले. गव्यांची वस्ती वाढली तशी ती उसात उतरू लागली, आणि गेल्या काही वर्षांत गवे थेट कोल्हापूर शहराच्या वेशीत दिसले आहेत. ऊस म्हणजे गव्याला आडोसा, चारा आणि पाणी एकाच जागी. तो परत डोंगर का चढेल?

स्वयंचलित दरवाजे: कौतुक आणि अडचण

राधानगरीची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे सात स्वयंचलित दरवाजे. पाण्याची पातळी ३४७.५० फुटांवर (हे मोजमाप भिंतीच्या पायापासूनचे नव्हे) गेली की दरवाजा आपोआप उचलला जातो, पातळी उतरली की मिटतो. तत्त्व प्रतिभाराचे: एका बाजूला पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला ठरावीक वजन. वीज नको, मोटार नको, रात्री कोणी जागे राहायला नको. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटते. साती उघडले की ९,९९६, म्हणजे दहा हजार धरा, दिवसाला ०.८६ टीएमसी.

धरणाच्या सुरक्षेसाठी ही रचना उत्तम आहे. वीज गेली, रस्ता तुटला, निर्णय घेणारा जागेवर नसला तरी धरण स्वतःला वाचवते. पण पूरनियंत्रण हे वेगळे काम आहे. त्यासाठी मोठा पाऊस येण्याआधी साठा खाली आणून जागा रिकामी ठेवावी लागते, आणि खाली पूर असताना थोडा वेळ पाणी धरून ठेवावे लागते. स्वयंचलित दरवाजा यातले काहीच करत नाही. तो धरण काठोकाठ भरल्यावरच उघडतो, आणि धरण काठोकाठ भरते नेमके तेव्हाच, जेव्हा तुळशी, कुंभी, कासारीही दुथडी भरून वाहत असतात. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पंचगंगा आधीच त्या घरात असताना राधानगरीचे दरवाजे उघडल्याच्या बातमीने कोल्हापूरकरांच्या पोटात गोळा येतो, तो यामुळे.

आधी जागा करायची तर भिंतीच्या खालच्या भागातली सेवाद्वारे वापरावी लागतात. ती वर्षातून थोडा काळच हलतात, आणि बराच काळ पाण्याखाली राहिलेली कोणतीही लोखंडी झडप हलवताना अडकू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीच्या वेळी असेच एक द्वार उघड्या अवस्थेत अडकले आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीला पूर आला. उन्हाळ्यासाठी जपलेले पाणी त्यात गेले. म्हणून सेवाद्वाराची दुरुस्ती करताना आधी वरच्या अंगाचे आपत्कालीन दार खरोखर बसते का, हे प्रत्यक्ष बसवून पाहायचे असते. कागदावर ‘उपलब्ध’ असलेले दार खाचेत गाळ साचल्यामुळे तळाला टेकत नाही, हा नेहमीचा घोटाळा.

नदी हाच कालवा

राधानगरीचे पाणी मुख्यतः भोगावती आणि पंचगंगेच्या पात्रातूनच खाली जाते. वाटेत ते अडवण्याचे काम कोल्हापूर पद्धतीचे बंधारे करतात. हा प्रकार याच मुलखात घडला आणि इथूनच महाराष्ट्रभर गेला. रचना साधी: पात्रात एका ओळीत खांब, दोन खांबांमधला मोकळा भाग म्हणजे गाळा, आणि खांबांच्या कडांना उभ्या खाचा. खाचांत आडव्या फळ्या सरकवायच्या, त्या बरगे. लाकडी बरग्यांच्या दोन ओळी घालतात आणि मधल्या पोकळीत चिकणमाती ठासतात. लोखंडी बरग्याची एकच ओळ पुरते, कडेला रबरी पट्टी असते. पावसाळ्यात सगळे बरगे काढून ठेवले की पूर मोकळा जातो आणि गाळही त्याच्याबरोबर निघून जातो. पक्क्या भिंतीचा बंधारा काही वर्षांत गाळाने भरतो; हा भरत नाही, तो या मोकळ्या चार महिन्यांमुळे.

उदाहरण घेऊ. तीस गाळ्यांचा बंधारा, गाळा दोन मीटरचा, पाणी तीन मीटर अडवायचे, बरगा अर्धा मीटर उंच. एका गाळ्याला सहा, एकूण १८० बरगे. ते १५ ऑक्टोबरच्या आसपास घालायचे आणि मेअखेर काढायचे. काम मोठे नाही, पण चुकते ते इथेच:

- उशीर केला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा नैसर्गिक प्रवाह हातचा जातो आणि ती तूट धरणातून भरावी लागते.
- घाई केली आणि परतीचा पाऊस आला तर पाणी बरग्यांवरून उसळते. दाबाखाली बरगे निघत नाहीत आणि नदी खांबांना बगल देऊन काठ कापते. म्हणून आधी खालचे दोन-तीन थर, आणि आभाळ निवळल्यावर वरचे.
- रबरी पट्टी तुटली, बरगा वाकला, लाकूड उन्हात पडून पिळले की गळती सुरू. ‘थोडी गळते’ म्हणून सोडून दिलेल्या तीस गाळ्यांची गळती मिळून एक छोटा ओढा होतो.
- काढताना तळाचा बरगा गाळात रुतून राहिला की पहिल्या पुरात त्याला फांद्या, पाला, जलपर्णी अडकते आणि अख्खा गाळा बंद होतो.
- लोखंडाला भंगारात भाव असल्याने बरगे चोरीला जातात. काठावर उघड्यावर रचून ठेवणे म्हणजे चोराला निमंत्रण.

आता पाण्याचा हिशेब. ८.३६ टीएमसी साठा १५ ऑक्टोबर ते १५ जून, म्हणजे २४३ दिवस पुरवायचा तर सरासरी सुमारे ४०० क्युसेक सोडता येतात. हे बाष्पीभवन आणि मृत साठा (तळाचे, काढता न येणारे पाणी) वजा न करता. एक क्युसेक दिवसभर वाहिला तर जवळपास दोन एकर-फूट, म्हणजे दोन एकरांवर फूटभर, पाणी होते. उसाला एका पाळीला तीन इंच पाणी दिले तर त्यात आठ एकर भिजतात. चारशे क्युसेकमध्ये रोज ३,२०० एकर, पंधरा दिवसांच्या पाळीत ४८,००० एकर, तेही पात्रातला पाझर आणि बंधाऱ्यांची गळती शून्य धरून. प्रत्यक्षात नदीकाठी उपसा पंपांची रांग असते आणि वरची गावे आधी उचलतात. म्हणून आवर्तन (धरणातून पाळीने सोडायचे पाणी) सोडले तरी शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही आणि उपसाबंदी लावावी लागते. उपसाबंदीत वीज तोडणे सोपे, पाळत ठेवणे अवघड.

ऊस आणि मीठ

१८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली आणि ती गुळाची मोठी बाजारपेठ झाली. हमखास बाजार आधी तयार होता, हमखास पाणी नंतर आले. मग शेतकऱ्याने ऊस लावला यात नवल काय? पुढे सहकारी साखर कारखान्यांनी तेच गणित पक्के केले. पाटपाण्याच्या उसाला वर्षाकाठी दोन-अडीच हजार मिलिमीटर पाणी दिले जाते. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या शिरोळमध्ये, साठ टक्क्यांपर्यंत चिकणमाती असलेल्या काळ्या जमिनीवर, ते पाणी जिरणार कुठे? भूजल वर चढते. दीड मीटरच्या आत आले की केशाकर्षणाने पृष्ठभागाकडे ओढले जाते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. सकाळी बांधाकडेला पांढरे पूट दिसते. ऊस ठिपक्याठिपक्यांत पिवळा पडतो, उगवणीत तुटाळ (मधे मोकळ्या जागा) होते. हा केवळ राधानगरीच्या पाण्याचा परिणाम नाही. कृष्णा, वारणा, दूधगंगा यांचे पाणीही याच पट्ट्यात येते. पण ढाचा तोच: पाणी आणण्याची योजना होती, ते बाहेर काढण्याची नव्हती.

उपचाराआधी माती तपासायची, कारण क्षारपड आणि चोपण यांचे इलाज वेगळे. विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या खाली: जमीन क्षारयुक्त, म्हणजे क्षारपड, धुऊन निचरा केला की सुधारते. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त: चोपण, इथे आधी जिप्सम लागते. चोपण जमिनीवर नुसते पाणी सोडले तर कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि जमीन आणखी बंद होते. खूप शेतकऱ्यांचे पैसे या एका चुकीत जातात. जिप्समनंतर ताग किंवा ढेंचा ही हिरवळीची पिके वाढवून जमिनीत गाडायची.

भूमिगत निचऱ्यात ८० मिलिमीटर व्यासाचे, कृत्रिम कापडाचे गाळण गुंडाळलेले सच्छिद्र पाइप एक ते सव्वा मीटर खोलीवर घालतात. दोन ओळींतले अंतर मातीच्या पारगम्यतेवर. भारी जमिनीत पंधरा मीटरपर्यंत कमी, हलक्या जमिनीत तीस किंवा जास्त. उतार शंभर मीटरला दहा-वीस सेंटिमीटर पुरतो, पण तो सलग हवा. मधे एखाद्या ठिकाणी पाइप खाली बसला की तिथे गाळ साचून वरची अख्खी ओळ निकामी होते. ओळी मुख्य पाइपला मिळतात, मुख्य पाइप नाल्यात सुटतो, आणि त्याचे तोंड पावसाळ्यातही नाल्यातल्या पाण्याच्या वर राहावे लागते.

एका शेतकऱ्याने आपल्या दोन एकरांत पाइप घालून भागत नाही. मुख्य पाइप पाच-पन्नास जणांच्या रानातून जातो. एकाने नकार दिला की वळसा, वळसा घेतला की उतार जातो. दाजीपूरच्या रानाला एकच मालक होता, म्हणून ते एका हुकमात बंद झाले. शिरोळच्या रानाला सातबाऱ्यावर हजारो नावे आहेत, आणि निचऱ्याच्या नळीला त्या प्रत्येकाची सही लागते. ती मिळाल्यावरही नाल्यातून बाहेर पडलेले खारे पाणी शेवटी नदीतच जाते, आणि त्या नदीवर खालच्या गावाची पाणीयोजना असते.